घासलेली घागर, न घासलेला नळ

आमच्या कॉलेजच्या दिवसांत धारवाडच्या घरी नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे लहानसा सणच असे. पाणी तीन-चार दिवसांआड येई आणि बहुधा पहाटेच्या अंधारात येई. आदल्या रात्री आई घागरी, कळश्या आणि तांब्याचा हंडा अंगणात काढी. चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी एवढ्या साहित्यावर सगळी भांडी आतून-बाहेरून लख्ख होत. घागरीच्या गळ्यातून हात घालून ती तळापर्यंत बोटे फिरवी, आणि बोटांना बुळबुळ लागली तर पुन्हा राख मागवी. पहाटे नळ प्रथम नुसता फुसफुसे, मग तांबूस पाणी ओकी आणि थोड्या वेळाने निवळे. तरीही त्यानंतरच्या दोन कळश्या आई पिण्यासाठी धरीत नसे. ते पाणी तुळशीला आणि परसातल्या केळींना जाई. 'नळाला आधी चूळ भरू दे,' असे ती म्हणे.

आम्ही तेव्हा विज्ञान शाखेचे विद्यार्थी होतो आणि त्या वयाला शोभेल इतके शहाणेही होतो. पाण्यात ब्लीचिंग पावडर घातलेली असते, जंतू टाकीतच मरतात, तेव्हा निवळलेले पाणी ओतून देणे ही शुद्ध नासाडी आहे, असे आम्ही तिला ऐकवीत असू. ती वाद घालीत नसे; कळश्या मात्र केळींनाच जात. पुढे सरकारी नोकरीत पाण्यासंबंधीच्या अनेक कागदांवर आम्ही सह्या केल्या, आणि निवृत्तीनंतर या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेलो. तेव्हा ध्यानात आले की, आईच्या त्या दोन कळश्यांमागे जी समज होती ती शास्त्राच्या पदरी पडण्यास तीनशे वर्षे लागली. त्या तीनशे वर्षांचा हा वृत्तांत आहे. त्यात आमच्या एका सहीचाही हिशेब आहे.

वृत्तांताचा आरंभ हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी होतो. अँटनी व्हान लेव्हेनहूक हा तिथला कापडाचा व्यापारी. स्वतः घासून तयार केलेल्या इवल्याशा भिंगांतून तो दिसेल ती वस्तू न्याहाळीत असे. १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्याच दातांवरच्या किटणाचे वर्णन केले. तो रोज मिठाने दात घाशी, चूळ भरी. तरीही दाढांच्या फटीत पिठासारखा पांढरा थर साचे. त्यात त्याला असंख्य जीव वळवळताना दिसले. त्याने त्यांच्यावर व्हिनेगरचा प्रयोग केला. थरापासून सुटे झालेले जीव तत्काळ मेले, परंतु व्हिनेगरने दात धुतल्यावरही थराच्या आतले जीव जिवंतच राहिले. व्हिनेगर थराच्या आरपार जात नाही, बाहेरच्या जीवांनाच मारते, असा निष्कर्ष त्याने काढला.

वाचकांनी हे निरीक्षण ध्यानात ठेवावे. सुटा जंतू आणि थरात राहणारा जंतू यांना एकच औषध सारखे लागू पडत नाही, ही गोष्ट शिवाजी महाराजांच्या निधनानंतर अवघ्या तीन वर्षांनी कागदावर आली होती. पण त्या कापडवाल्याचे हे वाक्य जवळजवळ तसेच पडून राहिले.

एकोणिसाव्या शतकात पाण्याचा प्रश्न पटकीच्या रूपाने युरोपच्या दारात उभा राहिला. लंडनच्या चेल्सी जलकंपनीचा अभियंता जेम्स सिम्प्सन याने १८२९ साली नदीचे पाणी वाळूच्या जाड थरातून संथपणे झिरपवून गाळण्याची योजना उभारली. हेतू एवढाच की पाणी नितळ दिसावे. १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंप आणि पटकीचे मृत्यू यांचा संबंध दाखवून दिला. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला. आणि १८९२ साली जर्मनीत जणू निसर्गानेच एक प्रयोग मांडला. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे एकमेकांना चिकटलेली. दोन्ही एल्ब नदीचे पाणी पिणारी. हॅम्बुर्गचे पाणी न गाळता नळांत सोडले जाई. आल्टोनाचे पाणी तर हॅम्बुर्गचे सांडपाणी नदीत मिसळल्यानंतर खालच्या अंगाला उचलले जाई, परंतु ते वाळूतून गाळले जाई. त्या साली हॅम्बुर्गमध्ये ८,६०० हून अधिक माणसे पटकीने गेली आणि आल्टोना बव्हंशी वाचले. हद्दीवर तर रस्त्याच्या एका बाजूला रोग आणि दुसऱ्या बाजूला आरोग्य असे दृश्य होते.

आल्टोनाला वाळूने वाचवले असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. नवी, स्वच्छ धुतलेली वाळू जंतू फारसे अडवीत नाही. काही दिवस पाणी वाहिल्यानंतर वाळूच्या माथ्यावर एक चिकट, बुळबुळीत थर धरतो. हा थर सूक्ष्म जीवांचा असतो, आणि पाण्यातले परके जंतू तोच अडकवतो, तोच गिळतो. वाळू 'पिकेपर्यंत' पाणी गावाला देऊ नये हा नियम अभियंत्यांनी अनुभवाने शिकून घेतला होता. म्हणजे आई घागरीतून जी बुळबुळ खरवडून काढी, तिच्याच जातीच्या बुळबुळीने आल्टोना शहर तारले. वाळूच्या माथ्यावर तो थर रक्षक होता. तसाच थर नळाच्या भिंतीवर, घरांच्या तोंडाशी धरला तर काय होते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

आपल्याकडे तेव्हा नळ थोडे आणि विहिरी फार. १८९० च्या दशकात आग्र्याचे शासकीय रसायनतज्ज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी पटकीच्या दिवसांत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा मार्ग प्रचारात आणला. आमच्या आजीच्या आठवणीत ते 'लाल औषध' होते. साथ आली की सरकारी माणूस येऊन विहिरीत औषध सोडी, पाणी गुलाबी होई आणि बायका ते भरण्यास कुरकुरत. या औषधात एक मोठा उघडपणा होता. विहीर घाण असेल तर गुलाबी रंग बघता बघता उडून जाई, कारण औषध घाणीवरच खर्ची पडे. मग आणखी टाकावे लागे. रंग टिकला तर औषध शिल्लक आहे, असा अर्थ. निरक्षर माणसालाही विहिरीच्या काठावर उभे राहून समजावी अशी ही परीक्षा होती. पुढे जे औषध आले त्यात हा उघडपणा राहिला नाही.

ते औषध म्हणजे क्लोरीन. शीले यांनी १७७४ साली हा वायू तयार केला आणि डेव्ही यांनी १८१० साली त्याला नाव दिले. चुन्यात हा वायू मुरवून केलेल्या ब्लीचिंग पावडरचे पेटंट टेनंट यांनी १७९९ साली घेतले, ते कापड पांढरे करण्यासाठी. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना याच द्रावणात हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. पाण्याच्या बाबतीत मात्र पाऊल जपून पडले. १८९७ साली इंग्लंडमधील मेडस्टन गावी विषमज्वराची साथ आली तेव्हा सिम्स वुडहेड यांनी ब्लीचिंग पावडरचे द्रावण गावच्या नळमार्गात सोडून तो निर्जंतुक केला. १९०५ साली लिंकन शहरात अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी साथीच्या काळात पाण्यात सतत क्लोरीन देण्याची व्यवस्था केली. मेडस्टनला औषध नळांसाठी वापरले गेले होते, हे विशेष. पुढे हा धागा सुटला आणि सगळे लक्ष पाण्यावर गेले.

पाण्यावर लक्ष नेणारा प्रसंग अमेरिकेतील जर्सी सिटीत घडला. तेथे एका खाजगी कंपनीने बूंटन येथे जलाशय बांधून शहराला 'शुद्ध आणि आरोग्यकारक' पाणी देण्याचा करार केला होता. पावसाच्या दिवसांत पाणी दूषित होते, करार पाळला गेलेला नाही, असे म्हणून शहर न्यायालयात गेले. वरच्या गावांच्या सांडपाण्याची व्यवस्था करा किंवा दुसरी काही योजना करा, असा पर्याय न्यायालयाने कंपनीपुढे ठेवला. कंपनीचे आरोग्य सल्लागार होते डॉ. जॉन लील. यांचे वडीलही डॉक्टर. अमेरिकन यादवी युद्धात सैन्याबरोबर असताना त्यांना आमांशाने ग्रासले, आणि ते दुखणे अनेक वर्षे भोगून त्यांचा अंत झाला. दूषित पाण्याने घरातल्या माणसाचे काय होते ते लील यांनी बालपणापासून पाहिले होते. त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही. जॉर्ज फुलर या अभियंत्याकडून ब्लीचिंग पावडरचे द्रावण मोजून सोडणारी यंत्रणा करवून घेतली, आणि २६ सप्टेंबर १९०८ रोजी दररोजच्या सुमारे चार कोटी गॅलन पाण्यात क्लोरीन पडू लागले.

पुन्हा खटला उभा राहिला. पिण्याच्या पाण्यात विष कालवले असा आक्षेप आला. हे पाणी स्वतःच्या घरच्यांना पाजाल का, असे विचारले तेव्हा लील यांनी निःशंकपणे होकार दिला. १९१० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि त्यानंतर ही पद्धत गावोगावी गेली. शहरांतला विषमज्वर ओसरू लागला. शुद्धीकरणाच्या इतर सुधारणांचाही त्यात वाटा होता. तथापि क्लोरीनचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. क्लोरीनमुळे वाचलेल्या माणसांची गणती करणे अशक्य आहे. पुढे जे लिहावयाचे आहे ते या उपकाराचे विस्मरण ठेवून नव्हे.

प्रत्येक पाण्याची क्लोरीन खाण्याची भूक वेगवेगळी असते, आणि ती भागवून काही शिल्लक राहील एवढी मात्रा द्यावी लागते, हे १९१९ साली बाल्टिमोरमध्ये एबेल वोलमन आणि लिन एन्स्लो यांनी पद्धतशीर दाखवून दिले. लाल औषधाचा रंग टिकण्याचीच ही गोष्ट. फक्त क्लोरीनची शिल्लक डोळ्यांना दिसत नाही, तिच्यासाठी थेंब टाकून रंग पाहावा लागतो. आपल्या देशातील मानकाप्रमाणे पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असले पाहिजे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे ०.५ मिलिग्रॅम. आकडा सोपा आहे. तो कोठे मोजायचा, हा खरा प्रश्न आहे. आणि येथेच आमच्या सहीचा हिशेब सुरू होतो.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस एका तालुक्याच्या गावी आमची नेमणूक होती. गावाचे आणि कार्यालयाचे नाव येथे घेत नाही. दोष सांगावयाचा तो आमचा. पहिल्या पावसानंतर गावाच्या टोकाच्या एका गल्लीत कावीळ सुरू झाली. वरून चौकशी आली. आम्ही शुद्धीकरण केंद्रावर गेलो. क्लोरोस्कोपच्या नळीत पाणी घेतले, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले, आणि सुरेख पिवळा रंग उमटला. गावातल्या उंच टाकीच्या तोंडाशीही तो उमटला. पाण्यात क्लोरीन पुरेसे आहे, रोगाचे मूळ उघड्यावरच्या खाद्यपदार्थांत असावे, अशा अर्थाचा अहवाल तयार झाला आणि आम्ही त्यावर सही केली. नळी धुणारा प्रयोगशाळेतला वृद्ध मदतनीस कन्नडमध्ये हळूच म्हणाला होता, 'साहेब, गल्लीतल्या नळाचंही बघायचं का?' आम्ही 'उद्या बघू' म्हणालो. त्या उद्याला आठ दिवस लागले. गल्लीतल्या नळाच्या पाण्यात रंगाचा मागमूस नव्हता. त्या आठ दिवसांत तिथल्या एका घरची गरोदर सून काविळीने गेली. पाण्यातून पसरणाऱ्या एका प्रकारची कावीळ गरोदरपणात प्राणघातक ठरते, हे आम्ही नंतर वाचले.

गल्ली खणली तेव्हा गटाराच्या कडेने गेलेला जुना लोखंडी नळ निघाला. त्याचा सांधा गळत होता. तुकडा कापून पाहिला तर आत गंजाच्या एवढ्या गाठी धरलेल्या की जेमतेम दोन बोटे जाण्यापुरती वाट उरली होती. गाठींवर तपकिरी, बुळबुळीत थर होता. त्या मदतनिसाने त्यावर बोट फिरवले आणि काही न बोलता ते धोतराला पुसले. पाणी बंद असताना गटाराची घाण सांध्यातून आत शिरत होती. आणि तिला मारण्यासाठी जे क्लोरीन टाकीतून निघत होते ते वाटेतल्या गंजाने आणि त्या थराने केव्हाच खाऊन टाकले होते. वेशीवर पहारा चोख होता आणि मागच्या भिंतीला खिंडार पडले होते. आमची सही वेशीवरच्या पहाऱ्याची होती.

त्या थराला इंग्रजीत बायोफिल्म म्हणतात. मराठीत त्याला जैवपटल असा शब्द आहे. लेव्हेनहूकचा विसरलेला धागा विसाव्या शतकात पुन्हा हाती आला तो समुद्राच्या पाण्यातून. अमेरिकन संशोधक क्लॉड झोबेल समुद्राचे पाणी बाटल्यांत साठवून त्यातील जीवाणू मोजीत असत. पाण्यापेक्षा बाटलीच्या काचेवर जीवाणू अधिक वाढतात, हे त्यांनी पाहिले. आणि घन पृष्ठभागाचा जीवाणूंवर होणारा परिणाम त्यांनी १९४३ साली सविस्तर मांडला. पाण्यात अन्न विरळ असते. पृष्ठभागावर ते साठते आणि चिकटून राहणाऱ्याला आयते मिळते. त्यानंतर कॅनडाचे बिल कॉस्टर्टन. या गृहस्थांनी तरुणपणी काही काळ आपल्या पंजाबातील बटाला येथील महाविद्यालयात अध्यापन केले होते. डोंगरी ओढ्यांचा अभ्यास करताना त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, वाहत्या निर्मळ पाण्यात जीवाणू अगदी थोडे आणि तळाच्या निसरड्या दगडांवर मात्र अपरंपार. १९७८ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील लेखात त्यांनी जीवाणू कसे चिकटतात ते सर्वसामान्य वाचकांपुढे ठेवले. तोवर प्रयोगशाळेत जीवाणू म्हटले की काचेच्या नळीतले सुटे, पोहणारे जीवच डोळ्यांपुढे येत. वास्तविक जीवाणूंचा बराच संसार चिकटून, थर करून चालतो.

हा थर म्हणजे नुसती गर्दी नव्हे. जीवाणू भिंतीला चिकटला की भोवती साखरेच्या जातीचे आणि प्रथिनांचे चिकट द्रव्य सोडतो. थर वाळवून तोलला तर त्यात जीवाणूंचे वजन बहुधा दहाव्या हिश्शाहूनही कमी भरते; बाकी सारे हे द्रव्य. त्यात वाटा असतात, पाणी खेळते, वरच्या मजल्यावर प्राणवायू भरपूर आणि तळाशी अगदी थोडा असतो. तळाचे जीव मंदावून निपचित पडून राहतात आणि अशा निपचित जीवांना मारणे कठीण जाते. नळातील पटलात राहणारे बहुतेक जीवाणू निरुपद्रवी असतात, हे आवर्जून सांगितले पाहिजे. परंतु धर्मशाळेत सगळेच उतरतात. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या संमेलनानंतर न्यूमोनियाची साथ येऊन माणसे दगावली. त्यातून लिजिओनेला हा नवा जीवाणू उजेडात आला. त्याचे बिऱ्हाड पाण्याच्या यंत्रणांतील अशाच पटलांत, आणि तेथे चरणाऱ्या अमीबांच्या पोटात असते, हे पुढे कळले.

आता क्लोरीनचे काय होते ते पाहू. क्लोरीन हा तापट गडी आहे. जे प्रथम भेटेल त्याच्याशी भिडतो. सुट्या जंतूला तो तत्काळ मारतो. पटलाशी गाठ पडली की वरच्या चिकट द्रव्याशीच झुंजत खर्ची पडतो आणि आत पोचेपर्यंत त्यात त्राण उरत नाही. अमेरिकेत लशेव्हालिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मोजून दाखवले की, चिकटलेले जीवाणू मुक्त क्लोरीनपुढे सुट्या जीवाणूंच्या १५० ते ३,००० पट आणि त्याहूनही अधिक टिकाव धरतात. १९९० साली त्यांनी निरनिराळ्या नळांवर प्रयोग केले. तांबे, जस्ताचा मुलामा दिलेले नळ आणि पीव्हीसी यांवरचे पटल लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीनने नमले. लोखंडी नळावरच्या पटलावर मात्र ३ ते ४ मिलिग्रॅम क्लोरीन दोन आठवडे देऊनही म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही, कारण गंज स्वतःच क्लोरीन खातो. १९९४ साली द बेर, श्रीनिवासन आणि स्टुअर्ट यांनी केसाहून बारीक टोकाची विद्युत्-सुई पटलात खुपसून आतले क्लोरीन प्रत्यक्ष मोजले. बाहेर जेवढे होते त्याच्या पाचव्या हिश्शाइतके किंवा त्याहूनही कमी आत भरले. लेव्हेनहूकने व्हिनेगरविषयी लिहिले होते ते ३११ वर्षांनी आकड्यांत उतरले.

मग मात्रा वाढवावी, हे उत्तर कोणालाही सुचेल. आम्हालाही त्या गावी तेच सुचले होते. परंतु त्यालाही मर्यादा आहेत. १९७४ साली रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवले की, पाण्यातील सेंद्रिय द्रव्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मच्या जातीची द्रव्ये तयार होतात, आणि ती दीर्घकाळ पोटात जाणे बरे नव्हे. अमोनियाच्या संयोगाने होणारा मोनोक्लोरामाइन हा क्लोरीनचा शांत भाऊ; तो वाटेत भांडत बसत नाही म्हणून पटलात खोल जातो. पण वॉशिंग्टन शहराने २००० साली त्याचा स्वीकार केला तेव्हा पाण्याचे रसायन बदलले, जुन्या शिशाच्या नळांतून शिसे सुटून पाण्यात उतरू लागले आणि नवेच संकट उभे राहिले. डच लोकांनी तिसरी वाट धरली. व्हान डर कोय यांनी १९८२ साली जीवाणूंना सहज पचणारे कार्बनी अन्न पाण्यात किती आहे ते मोजण्याची रीत सांगितली. ते अन्नच काढून टाकावे, नळ चांगले ठेवावेत आणि ते सदैव भरलेले ठेवावेत. मग पटल वाढणार कशावर? नेदरलँड्समध्ये आज पाणी क्लोरीनवाचून घरोघर पोचते. आपल्या परिस्थितीत क्लोरीन सोडण्याचा विचारही करता कामा नये. पण नळ सदैव भरलेला असावा, ही त्यांची अट आपल्याही कामाची आहे.

याचा पुरावा शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. तो आमच्या अंगणातच आहे. २००८ च्या सुमारास बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा येथील काही निवडक वॉर्डांत नवे नळ घालून चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला. बाकीच्या गावाला पूर्वीप्रमाणेच काही दिवसांआड पाणी मिळत राहिले. एकच नदी, एकच शुद्धीकरण, पण नळ दोन तऱ्हांचे. हॅम्बुर्ग आणि आल्टोनाची आठवण व्हावी अशी ही मांडणी होती. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन यांनी वर्षभर हुबळी-धारवाडमध्ये नळांचे पाणी तपासले आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चोवीस तास वाहणाऱ्या नळांच्या नमुन्यांपैकी ०.७ टक्क्यांत मैल्याची खूण असणारा ई. कोलाय जीवाणू सापडला. काही दिवसांआड येणाऱ्या नळांत हे प्रमाण ३१.७ टक्के होते. पुढच्या वर्षी त्यांनी कारणे मांडली. पाणी बंद असताना नळ रिता होतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. आत उरलेल्या ओलीवर जीवाणू वाढतात. आणि पाणी पुन्हा जोराने आले की भिंतीवरचे पटल आणि गाळ सुटून पहिल्या काही मिनिटांच्या पाण्यातून नळाच्या तोंडाशी येतात.

ही ओळ वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बसून राहिलो. पहिल्या काही मिनिटांचे पाणी म्हणजे आईच्या त्या दोन कळश्या. तिला जीवाणू ठाऊक नव्हते आणि पटलही ठाऊक नव्हते. पण ज्या भांड्याच्या आत हात पोचत नाही ते घासले जात नाही, आणि जे घासले जात नाही त्यात बुळबुळ धरते, एवढे तिला घागरीने शिकवले होते. नळ हे तिच्या लेखी एक लांबलचक, हात न पोचणारे भांडे होते. आम्ही मात्र 'मारणे' म्हणजेच 'स्वच्छ करणे' असे मानून बसलो होतो.

त्याच अभ्यासातील आणखी एक गोष्ट गृहिणींनी आणि गृहस्थांनी, दोघांनीही ऐकण्यासारखी आहे. चोवीस तास पाणी मिळू लागलेल्या घरांतही बहुतेकांनी पिण्याचे पाणी साठवणे सोडले नाही, आणि साठवलेल्या पाण्यात नळापेक्षा जीवाणू अधिक निघाले. पिढ्यान्पिढ्यांची पाणीटंचाईची धास्ती नळ बदलल्याने एका दिवसात जात नाही. साठवायचेच असेल तर भांडे घासलेच पाहिजे. आमच्या घरांच्या गच्चीवर आज प्लास्टिकच्या काळ्या टाक्या आहेत. त्यांत शेवटचा हात कोणी आणि केव्हा घातला होता, हे प्रत्येकाने आपल्याशी आठवून पाहावे.

गावाच्या पातळीवर करावयाच्या गोष्टी फार गूढ नाहीत. गटाराजवळचे जुने लोखंडी नळ बदलावेत. नळमार्गाची टोके ठराविक काळाने जोराच्या पाण्याने धुऊन काढावीत. पाणी थोडा वेळ दिले तरी दाब पुरेसा ठेवावा, आणि जमेल तेथे नळ कधीच रिते ठेवू नयेत. क्लोरीनची परीक्षा टाकीपाशी होते तशीच शेवटच्या घरीही व्हावी. हे सर्व नियमांत आहेच. नियमांत असलेली गोष्ट आठ दिवस लांबणीवर टाकता येते, आणि त्या आठ दिवसांची किंमत अहवालात दिसत नाही, हे आम्ही स्वतःच्या सहीवरून सांगत आहोत.

तो अहवाल आज आमच्यापुढे आला तर त्यातील वाक्य आम्ही निराळे लिहू. 'पाण्यात क्लोरीन पुरेसे आहे' असे न लिहिता कोणत्या गल्लीतले, कोणत्या नळाचे पाणी, नळ आल्यानंतर कितव्या मिनिटाला घेतले आणि त्यात किती क्लोरीन निघाले, ते लिहू. आणि त्या मदतनिसाचे म्हणणे त्याच दिवशी ऐकू. घरी आम्ही अजूनही पहिल्या दोन कळश्या केळींना घालतो. सूनबाई विचारतात तेव्हा जीवाणूंची गोष्ट सांगत बसत नाही. नळाला आधी चूळ भरू दे, एवढेच म्हणतो.